मिसिंग

बेड नंबर अकरा. रशीद तांबोळी, वय चौपन्न.
केसपेपरवर धंद्याचा रकाना कोरा,
पण नखं बघितली आणि ओळखलं:
घोरपडे पेठेतला गॅरेजवाला.
माझी स्कूटी तीन वर्षं याच हातांनी जगवली.

नखांतलं ऑइल साबणाने जात नाही.
सिस्टरने स्पिरिटने घासलं,
तरी मशीनचा बोटावर भरवसा बसेना.
शेवटी ऑक्सिजनचा चिमटा लावला कानाच्या पाळीला,
त्याच कानाला,
ज्याला स्क्रू-ड्रायव्हरची मूठ टेकवून
तो इंजिनच्या पोटातलं ऐकायचा.
शहाऐंशी, कान म्हणाला.
मग चौऱ्याऐंशी.

मी ईसीजीवाली. रात्रपाळी.
जेली लावायची, छातीवर सहा फुगे चिकटवायचे,
हातापायांना चिमटे,
आणि म्हणायचं, हलू नका.
तो हलत नव्हता. हलत होतं ते आत.

पट्टी सुरसुरत बाहेर आली.
एक ठोका, दुसरा लगेच,
मग
काहीच नाही,
मग तीन, एकमेकांच्या पाठीवर आदळलेले.
प्रत्येक ठोक्याआधी दार वाजवून येणारी
ती छोटी लाट नव्हतीच.
तिच्या जागी नुसती थरथर,
उकळी फुटायच्या आधी चहाच्या कडेला असते तशी.
एकशे अठ्ठेचाळीस, मशीनने छापलं. खाली: अनियमित.
मला शब्द आठवला तो त्याचाच.
ताई, मिसिंग मारतेय.

डॉक्टर नाईकनवरेंनी पट्टी उजेडात धरली.
"हृदयाची चूक नाही गं.
न्यूमोनियाने फुप्फुसं पेटलीयेत, रक्तभर सूज आहे,
झळ इथपर्यंत पोचलीय."
सीआरपी दोनशे बारा. दहाच्या आत हवा.
सलाईनमधून ठोका आवरायचं औषध, थेंब थेंब.
"आधी आग उतरू दे. ताल मागाहून येईल."

मे महिन्यात स्वारगेटपासून ढकलत नेली होती गाडी,
इंजिनला हात लावला तर चटका.
त्याने हात लावलाच नाही.
स्टूल पुढे सरकवलं, दोन चहा सांगितले.
"गरम असताना उघडायचं नाही, ताई.
हातही पोळतो, आणि काय बिघडलंय ते कळतही नाही."
अर्धा तास आम्ही नुसते बसलो होतो,
समोरच्या चक्कीचा आवाज ऐकत.

इथे बसता येत नाही.
पाच जणांनी मिळून त्याला पालथं केलं.
आता इलेक्ट्रोड पाठीवर.
पाठीकडून हृदय लांब वाटतं,
मागच्या गल्लीतून वरात चाललीय
आणि आपल्याला फक्त ढोल ऐकू येतोय.

बाहेर बाकावर त्याची बायको, शमीम,
मुलाचं हेल्मेट मांडीवर.
"ठोके बरोबर आहेत ना?"
आहेत, म्हणाले.
बरोबर नाहीत. पण आहेत.

दोनची पट्टी वाईट.
चार दहाच्या पट्टीवर अकरा ठोके ओळीने,
प्रत्येकाच्या पुढे ती छोटी लाट, दार वाजवून.
बाराव्याला परत गेली.
मी ते अकरा पुन्हा मोजले. मग पुन्हा.
सातला पाळी संपली.

दुपारी मलाच ताप भरला. नऊ दिवस घरी.
परत आले तेव्हा अकरा नंबरवर
दुसऱ्या कुणाची स्वच्छ नखं.
रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे एकच शब्द: शिफ्ट.
कुठे, ते लिहिलेलं नाही.
एका फोनचं काम आहे.
रोज ठरवते, जेवण झाल्यावर करू.

चार दहाची पट्टी पर्समध्ये आहे.
हा कागद उन्हाने, हाताच्या उबेने पुसट होतो;
पाच ठोके अजून दिसतात, बाकीचे असावेत.
घोरपडे पेठेवरून मुद्दाम वाकडी वाट करून जाते.
शटर अर्धं खाली आहे.
काल आत दिवा होता,
म्हणजे मुलगा असेल, किंवा

सिग्नलला गाडी अजून धक्के देते.
दुसरीकडे टाकलेली नाही.